‘ओली वेणी’च्या शेवटाची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावीस, धंदा चित्रपट करणे (आजवर एक, तोही एकोणीस मिनिटांचा), राहणार वडिलांच्या घरी, आज धडधाकट शरीराने आणि थोड्या धास्तावलेल्या पण पूर्ण ताळ्यावर असलेल्या मनाने, राजीखुशीने, कोणीही मागे न लागता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मागे लागणं दूरच राहिलं, घरातल्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं आहे.

उद्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहे. माझा चित्रपट ‘ओली वेणी’ परदेशातल्या एका महोत्सवात दाखवणार आहेत आणि दिग्दर्शिका म्हणून मला बोलावलं आहे. विमान पडेलच असं नाही, हे मला कळतं. पण मी बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघणारी बाई आहे. शिवाय शाळा पूर्ण केलेली आमच्या घरात मीच पहिली, त्यामुळे लिहायचं जे काही असेल ते माझ्याकडेच येतं. तेव्हा हेही मीच लिहिते.

वडील म्हणाले, “वाटायला आहे काय तुझ्याकडे?” त्याचं उत्तर पुढीलप्रमाणे.

१. घर. घर माझं नाही, वडिलांचं आहे, तेही भाड्याचं. त्यामुळे त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही. एवढंच नोंदवते की पुढच्या खोलीत वेत भिजवायचा टब आहे, त्यातलं पाणी रोज बदलावं. मी नसताना ते बदललं जात नाही आणि वास सुटतो. बाबा, हे तुमच्यासाठी आहे.

२. कॅमेरा, तिवई आणि संगणक. कॅमेरा जुना घेतलेला आहे आणि त्याची एक बाजू चिकटपट्टीने धरून ठेवली आहे. ही सगळी चीजवस्तू माझ्या मैत्रिणीला, म्हणजे आमच्या कॅमेरावालीला द्यावी. तिने माझ्याकडून आजवर फक्त जेवण घेतलं आहे. संगणकावरची कोणतीही गोष्ट तिने माझ्या आत्याला विचारल्याशिवाय पुसू नये. आत्यालाच का, ते कलम ७ मध्ये कळेल.

३. रुंद दातांचा लाकडी कंगवा. हा आईचा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि बाबांना वेणी घालता येत नव्हती. ते खुर्च्यांच्या बैठका वेताने विणतात. दुसरं कुठलंच विणकाम त्यांना ठाऊक नव्हतं. वेत कोरडा विणला तर तडकतो, म्हणून आधी भिजवावा लागतो, आणि विणल्यावर तो वाळत जाईल तसा आवळत जातो. बाबांनी माझे केस त्याच हिशोबाने हाती घेतले. रोज सकाळी माझं डोकं बादलीत. मग ओल्या केसांच्या सहा बटा, एक वरून, एक खालून, तिरकी ओढ देत, थेट खुर्चीच्या जाळीसारखी वेणी. शेवटचं टोक गाठ मारून आत दडवायचं, बैठकीच्या खालच्या अंगाला दडवतात तसं.

“दुखतंय का?” ते विचारायचे.

“हो.”

“मग बसली नीट,” म्हणून ते समाधानाने कामाला लागायचे.

दुसऱ्या तासापर्यंत केस वाळायचे, वेणी आवळायची आणि माझ्या भुवया कपाळात जायच्या. त्या वर्षीच्या वर्गाच्या फोटोत सगळी मुलं कंटाळलेली आहेत आणि मी एकटी जबरदस्त चकित झालेली आहे.

कंगवा चित्रपटात माझं काम केलेल्या छोट्या मुलीला द्यावा. ती कॅमेरावालीची भाची. तिने चित्रीकरणाच्या सगळ्या दिवसांत वेणी रोज खरीखुरी, ओली, बाबांच्याच हातची घालून घेतली. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, “तुम्ही हे रोज सहन करायच्यात? मग तुम्ही कशालाच घाबरत नसाल.” तिला खरं काय ते सांगितलं नाही.

४. जुने हिशोब. दुसरीच्या बाईंनी एकदा मला वर्गात विचारलं, “अगं, सकाळपासून कसलं एवढं नवल वाटतंय तुला?” मग वेणी सैल करून देते म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं. तास संपला, वेणी सुटली नाही. पुढच्या तासाच्या बाई आल्या, त्यांनीही हात लावून पाहिला. शेवटी शाळेतल्या शिपाई मावशींनी स्वयंपाकाचं तेल आणून टोक शोधलं. तेव्हापासून माझं नाव ‘खुर्ची’ पडलं. “खुर्ची आली, सरका,” “खुर्ची, उभी का राहिलीस?” असं दहावीपर्यंत चाललं.

बाई चित्रपटाच्या पहिल्या खेळाला आल्या होत्या. बाहेर पडल्यावर त्यांनी माझा कान धरला. “माझ्याच्याने ती वेणी सुटली नाही हे आता साऱ्या जगाला दाखवणार का गं तू?” आणि मग कान सोडून गालावर हात फिरवला. सबब बाईंविरुद्धची माझी तक्रार मी पूर्णपणे मागे घेते. खुर्ची म्हणणाऱ्यांविरुद्धची मागे घेत नाही. मात्र त्यातले दोघे तिकीट काढून आले होते, त्यांना निम्मी माफी.

५. चित्रपट. माझ्या मालकीची खरी वस्तू ही एकच आहे, म्हणून हे कलम लांबेल.

चित्रपटाची सुरुवात माझ्या आत्यापासून होते. आई गेल्यावर महिन्याभरात आत्या एक रिकामी पिशवी घेऊन मला न्यायला आली होती. “बाईमाणसाशिवाय पोर वाढते का कुठे? उद्या मोठी होईल. तुला काय कळणार त्यातलं? दे इकडे,” असं म्हणत ती माझे कपडे भरायला लागली. माझे वडील कोणालाही ‘नाही’ म्हणत नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं उद्या हवी, तर हो. घरमालक म्हणाला गच्चीची किल्ली तुम्हाला नको, तर हो. त्या दिवशी मात्र त्यांनी आत्याच्या हातातून माझा फ्रॉक काढून घेतला, घडी घातली आणि म्हणाले, “नाही.” कोणाला असा नकार देताना मी त्यांना तेवढं एकदाच ऐकलं आहे. आत्या पुढच्या गल्लीत राहते. त्यानंतर ती रोज येत राहिली, पण वीस वर्षं रोज येऊन रागावलेलीच राहिली.

बाबांचं काम करायला आम्ही एक नट आणला होता. पहिल्याच सकाळी वेताच्या कडेने त्याची बोटं कापली. बाबांनी त्याला पट्टी बांधली आणि बांधता बांधता “अहो, असा नाही, असा धरायचा” म्हणून दाखवत बसले. कॅमेरावालीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. नटसुद्धा म्हणाला, “यांनाच घ्या ना ताई, माझी बोटं वाचतील.” बाबा अर्थातच ‘हो’ म्हणाले.

शेवट मी असा लिहिला होता: मुलगी पहिल्यांदा स्वतःची वेणी स्वतः घालते, कोरड्या केसांची, साधी तिपेडी. बाप अर्ध्या विणलेल्या खुर्चीपुढे उभा राहून बघतो, मग मान खाली घालून उरलेलं विणायला लागतो. त्यासाठी खुर्ची नेमकी अर्धी हवी होती. सकाळी ती अर्धी होती. तसं मी बाबांना बजावलंही होतं. जेवून आलो तर खुर्ची पूर्ण, काठपट्टीसकट.

“बाबा! अर्धी ठेवायची होती ना!”

“अगं, वेत भिजलेला होता. ओला वेत तसाच टाकून कोणी जेवायला जातं का?”

“तुम्ही जेवलाच नाहीत?”

“ते जेवण थांबतं.”

ऊन सरत होतं आणि नवी खुर्ची विणायला दीड दिवस लागला असता. मी खाली बसले आणि रडायला लागले. दिग्दर्शिकेने असं करू नये, हे मला माहीत आहे. तेवढ्यात ती छोटी मुलगी, जिला शेवट बिघडल्याचं काहीच वाटलं नव्हतं, कंगवा घेऊन बाबांजवळ गेली आणि पात्रातच असल्यासारखी म्हणाली, “बाबा, बसा की. किती वेळ उभे राहणार?”

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबा स्वतः विणलेल्या खुर्चीवर कधीही बसत नाहीत. खुर्ची ज्याची, त्याने पहिल्यांदा बसायचं, असा त्यांचा नेम आहे. ती विणतात उभ्याने किंवा उकिडवं बसून, तपासतात मुठीने दाबून. आमच्या घरात त्या काळी एकही खुर्ची नव्हती. एक लाकडी पेटी होती, तिच्यावर पाहुणे बसायचे. आम्ही जमिनीवर.

पण ते ‘नाही’ म्हणणारे गृहस्थ नव्हेत. मुलगी म्हणाली बसा, ते बसले. आधी अगदी कडेवर, पाहुण्यांसारखे. मग जरा मागे. नवा वेत करकरला तसे दचकले. मग एकदाची पाठ टेकली. मुलगी त्यांच्यासमोर उभी राहून स्वतःची वेणी घालू लागली आणि त्यांचे हात गुडघ्यांवर रिकामे होते. थोड्या वेळाने त्यांची बोटं आपोआप हलायला लागली, एक वरून, एक खालून, तिच्या बरोबरीने. तिची वेणी तिरकी झाली, एक बट सुटली. बाबांचा हात उचलला गेला आणि पुन्हा गुडघ्यावर आला. त्यांनी ती बट तशीच राहू दिली.

कॅमेरावालीने कॅमेरा बंद केला नव्हता. ती तीन मिनिटं म्हणजे चित्रपटाचा शेवट. त्यातला एकही शब्द मी लिहिलेला नाही आणि त्याच्याइतकं चांगलं मला काही लिहिता येणार नाही.

पहिल्या खेळाला त्या तीन मिनिटांत कोणी खोकलंसुद्धा नाही. दिवे लागले आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. बाबाही उभे राहिले. माझ्या कानात म्हणाले, “चल, सगळे उठलेत. गर्दी व्हायच्या आत बाहेर पडू.”

“बाबा, तुमच्यासाठी उभे आहेत ते.”

“माझ्यासाठी? का? मी तर बसलो होतो.”

६. खुर्ची. ही खुर्ची माझी नाही, म्हणून ती कोणाला देता येत नाही. फक्त ती आमच्या घरात कशी आली ते लिहिते, म्हणजे पुढे शंका नको. ती दातांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातली. चित्रीकरणानंतर बाबा ती पोचवायला गेले आणि दारातच उभे राहिले. “बाई, या खुर्चीवर मी आधी बसलो. ती तुम्हाला देता येणार नाही. दुसरी करून देतो.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “मोडली का?”

“नाही.”

“मग खुर्चीवर माणूस बसला, यात झालं काय?”

“ज्याची त्याने बसायची असते ना पहिल्यांदा.”

बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, “मग ही तुमचीच झाली म्हणायची. घेऊन जा.” फुकट घेणं बाबांना जमेना, तेव्हा बदल्यात त्यांनी दवाखान्यातल्या उरलेल्या साऱ्या खुर्च्या नव्याने विणून दिल्या. खुर्ची घरी आली. पण बाबा तिच्यावर तेव्हापासून कधी बसले नाहीत. तिच्यावर वर्तमानपत्र ठेवतात.

७. शेवटाची व्यवस्था. हे मृत्युपत्र खरं तर या कलमासाठी आहे.

एका मोठ्या कंपनीला ‘ओली वेणी’ विकत घेऊन घरोघरी दाखवायची आहे. करार महोत्सवाच्या ठिकाणी व्हायचा आहे. अट एकच: शेवटची तीन मिनिटं कापायची. कंपनीचे साहेब मला म्हणाले, “मॅडम, शेवटी काही घडतच नाही. माणूस नुसता बसतो.” मी नाही म्हणाले. मग मी घरी नसताना त्यांनी बाबांना फोन केला, आणि बाबा म्हणाले, “घ्या ना कापून. मला तरी एवढा वेळ कशाला दाखवायचं?”

हक्क माझे असल्यामुळे त्या ‘हो’ला अर्थ नव्हता. पण माझ्यामागे सगळं बाबांकडेच जाणार. साहेब पुन्हा गोड बोलणार आणि बाबा पुन्हा ‘हो’ म्हणणार. त्या विचाराने मला झोप लागेना. म्हणून पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘चित्रपट वडिलांना, या अटीवर की त्यांनी शेवट कापू देऊ नये.’ तो मसुदा आज दुपारी पुढच्या खोलीत वाचून दाखवला. हजर: बाबा, आत्या, आणि साक्षीदार म्हणून बोलावलेल्या डॉक्टरबाई.

बाबा म्हणाले, “आण, मीही सही करतो. साक्षीदार म्हणून.”

“बाबा, ज्याला मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. वकीलबाईंनी बजावलंय. उद्या कोणी शंका घेतली तर?”

“मग मला काही देऊ नकोस.”

“असं कसं?”

“अगं, तू सहा वर्षांची असल्यापासून मी तुला बघतोय. तुझ्या कागदावर बघणारा म्हणून माझी सही नको, तर कोणाची? मिळायचं ते मला मिळालंय. आणि खरं सांगू का, त्या साहेबांना मी नाही म्हणू शकणार नाही. ते फार आदराने बोलतात.”

डॉक्टरबाई हसल्या. मी हसले नाही. “मग चित्रपट देऊ कोणाला?”

आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिला चित्रपट आवडलेला नाही, हे ती प्रत्येकाला सांगते. “मला त्यात दुष्ट दाखवलंय. आणि माझं काम केलेली ती बाई केवढी जाड घेतलीय! मी तेव्हा काडी होते काडी.” आत्ताही ती तेच म्हणाली. आणि मग म्हणाली, “पण तो शेवट कापायचा नाही.”

“का गं आत्या?”

“का म्हणजे? वीस वर्षं मी रोज या दारात येतेय. हा माणूस मला कधी निवांत बसलेला दिसला नाही. वेत नाहीतर तुझं डोकं, सतत काहीतरी हातात. तेवढी तीन मिनिटं बसलाय माझा भाऊ. ती कापणारा हा कोण टिकोजीराव? लाव फोन.”

मी म्हणाले, राहू दे. बाबा म्हणाले, राहू दे. आत्याने स्वतः फोन घेतला आणि मला नंबर लावायला लावला. आवाज मोठा केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. साहेब आदराने बोलू लागले. आत्याने त्यांना पूर्ण बोलू दिलं.

मग म्हणाली, “हे बघा, मी त्या सिनेमातली दुष्ट बाई. बसलाय तो माझा भाऊ. या घरात ‘नाही’ म्हणायचं काम आजपासून माझ्याकडे. तर नाही.”

साहेबांनी रक्कम वाढवली. आत्या म्हणाली, “नाही.” साहेब म्हणाले, दोनच मिनिटं कापू. “नाही.” मग साहेब म्हणाले, “ताई, तुम्ही स्वतः तो शेवट पाहिलात?”

“चार वेळा. पहिल्या भागात मी बाहेर चहा पिते, शेवटाला आत येते.”

हे कलम स्वच्छ कागदावर उतरवत असतानाच साहेबांचा फोन परत आला. ते म्हणाले, मी पुन्हा लावून पाहिला, माझी आई शेजारी होती, तिने मला रिमोटला हात लावू दिला नाही. चित्रपट आहे तसा घेतो. हे चौघांनी ऐकलं आहे आणि म्हणून इथे नोंदवून ठेवते.

सबब, ‘ओली वेणी’ या चित्रपटाचे सर्व हक्क मी माझ्या आत्याला देते. तिने त्याची एकही चौकट कापू देऊ नये. ही अट घालण्याची गरज नाही, पण मला घातल्याशिवाय चैन पडणार नाही. पहिल्या दृश्यातली नटी जाड आहे, हा आत्याचा आक्षेप मी मान्य करते. ते दृश्यही कापता येणार नाही, हे तिने मान्य केलं आहे. त्या दिवशी तू पिशवी घेऊन आली नसतीस, आत्या, तर बाबांना ‘नाही’ म्हणता येतं हे मला कधीच कळलं नसतं.

८. बँकेतली शिल्लक आणि वर न लिहिलेलं बाकी सगळं आत्यालाच. त्याचं काय करायचं, कोणाच्या ताटात काय वाढायचं, हे तिला सांगावं लागणार नाही.

९. मी परत आले, आणि बहुतेक येईनच, तर हा कागद कपाटात ठेवावा आणि त्यावरून माझी चेष्टा करू नये. आत्याला या अटीतून सूट. बाबांनी विचारलं आहे की उद्या विमानतळावर जाण्याआधी वेणी घालून देऊ का. मी हो म्हणाले आहे. ओली. तिथे पोचेपर्यंत वाळेल, आणि परदेशातल्या लोकांसमोर मी उभी राहीन तेव्हा भुवया वर असतील. आजवर त्या उगाच वर असायच्या. उद्या त्याला कारण असेल.

हे सारं मी स्वतः लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं, आणि कोणी हरकत घेतली नाही. आत्याने घेतली, ती वर नोंदवली आहे.

ठिकाण: आमची पुढची खोली, टबाशेजारी.
तारीख: निघण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी.

सही: लिहिणारी, जिला शाळेत खुर्ची म्हणत.

साक्षीदार पहिल्या: दातांच्या डॉक्टरबाई. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरे: वडील, वेताचं काम करणारे. त्यांनी आधी भिंतीला कागद लावून उभ्याने सही करायला घेतली. आत्या म्हणाली, “बस ना रे.” त्यांनी वर्तमानपत्र उचललं, खुर्चीवर बसले, मागे टेकले, आणि मग सावकाश सही केली.